खाऱ्या पाण्याच्या टाकीतले शेवाळ: घासण्याआधी हिशेब

पाषाणच्या किंवा कात्रजच्या तलावावर जलपर्णी पसरली की ती यंत्रे लावून काढली जाते, काठावर तिचे ढीग पडतात आणि पुढच्या हंगामात पाणी पुन्हा झाकले जाते, हे पुणेकरांना नवीन नाही. सांडपाण्यातून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस तलावात उतरत राहतात तोवर तिला खाद्य कमी पडत नाही, त्यामुळे काढणारे थकतात आणि ती थकत नाही. दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, म्हणजे समुद्री मासे पाळलेल्या काचेच्या टाकीत, हेच घडते. दगडांवर हिरवे केस उगवतात, वाळूवर तपकिरी साय धरते, आपण रविवारची सकाळ घासण्यात घालवतो आणि गुरुवारपर्यंत सगळे पूर्ववत होते. या लेखात शेवाळाकडे घाण म्हणून न पाहता जमाखर्चाच्या वहीतली शिल्लक म्हणून पाहायचे आहे, कारण टाकीत जे गेले आणि बाहेर निघाले नाही, तेच काचेवर हिरवे होऊन दिसते.

जमेची बाजू आधी पाहू, कारण तिथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. मासळीच्या कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो आणि ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. असे खाद्य रोज १ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याच्या अर्ध्याहूनही कमी, २०० लिटरच्या टाकीत टाकले असे धरू. त्यातला सगळा फॉस्फरस पाण्यात उतरला तर सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट तयार होते, म्हणजे लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम. प्रथिनांतला नायट्रोजन शेवटी नायट्रेट झाला तर तो लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर जातो. ज्या टाकीत फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅमच्या) दरम्यान ठेवायचे असते, त्या टाकीत एका दिवसाचे एक चिमूटभर खाद्य ही मर्यादा ओलांडायला पुरेसे आहे. अर्थात सगळेच विरघळत नाही. काही भाग माशाच्या अंगी लागतो, काही स्किमरच्या, म्हणजे बुडबुड्यांनी घाण वर आणणाऱ्या यंत्राच्या, फेसातून निघतो आणि काही जिवाणूंच्या शरीरात अडकतो. पण पाहुणे आले की मुलांना कौतुकाने ‘तू पण टाक’ म्हणून दिलेली दुसरी चिमूट या हिशेबात किती जड पडते, ते यावरून कळावे.

नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचा टाकीतला प्रवास सारखा नसतो, आणि हा फरक समजला की निम्मे कोडे सुटते. खाद्य आणि विष्ठा कुजून अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि सच्छिद्र दगडांच्या आत, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, दुसरे जिवाणू त्या नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनवतात. तो बुडबुड्यांच्या रूपाने किंवा नकळत हवेत निघून जातो. म्हणजे नायट्रोजनला टाकीबाहेर जायला एक मागचा दरवाजा आहे. फॉस्फरसला असा वायुरूप दरवाजा नाही. तो कशाबरोबर तरी उचलून न्यावा लागतो, नाहीतर तो साठतो, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या दगडांना चिकटून बसतो. म्हणूनच वर्षभर दुर्लक्ष झालेल्या टाकीत एकदा फॉस्फेट कमी केले तरी आठवड्याभरात आकडा पुन्हा वर चढतो. दगड आपली जुनी ठेव परत करत असतात. अशा वेळी औषध कुचकामी निघाले असे समजून दुकान बदलण्यापेक्षा महिनाभर धीर धरावा.

पाण्याचा मुद्दा पुण्यात विशेष जपून पाहावा लागतो, त्यामुळे इथे थोडे रेंगाळतो. टाकीतून बाष्पीभवन होते ते फक्त गोड्या पाण्याचे. मीठ आणि इतर सगळे मागे राहते. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याची घालायची असते, आणि त्या पाण्यात जे काही विरघळलेले असेल ते टाकीत जमा होत जाते. पुण्याचा एप्रिल कोरडा असतो, खोलीत पंखा आणि टाकीवर गारव्यासाठी दुसरा पंखा फिरत असतो, आणि माझ्या २०० लिटरच्या टाकीतून त्या दिवसांत रोज तीन लिटर पाणी उडते. जुलैत हेच प्रमाण लिटरभरावर येते. म्हणजे भरीचे पाणी अशुद्ध असेल तर त्याचा दंड उन्हाळ्यात तिप्पट भरावा लागतो.

हा दंड मी स्वतः भरला आहे. पहिल्या वर्षी स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी मी निर्धास्तपणे भरत होतो, कारण त्यावर ‘आरओ’ असे ठळक लिहिलेले होते. मार्चअखेरीस वाळूवर तपकिरी पावडर धरू लागली, मेपर्यंत काच दर दोन दिवसांनी पुसावी लागू लागली, आणि मग एका मित्राचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण, आणून बुडवला तेव्हा आकडा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आला. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून अशा अनेक यंत्रांत थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते. माणसाच्या घशासाठी ती चांगली आहे, टाकीसाठी नाही. रोज तीन लिटर गुणिले ४५ मिलिग्रॅम, असे नव्वद दिवस, म्हणजे बारा ग्रॅम अनोळखी क्षार मी टाकीत ओतले होते.

त्या क्षारांत सिलिका असतेच, आणि तपकिरी पावडरीला तीच हवी असते. ही पावडर म्हणजे डायटम नावाचे एकपेशीय जीव. त्यांचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीचे असते. आपण ज्या दख्खनच्या काळ्या कातळावर राहतो त्यातून झिरपलेल्या भूजलात विरघळलेली सिलिका भरपूर असते, त्यामुळे बोअरचे किंवा बोअरमधून भरलेल्या टँकरचे पाणी डायटमना मेजवानीच ठरते. शहरातल्या बोअरमध्ये सांडपाणी झिरपून नायट्रेटही येऊ शकते. नळाला धरणाचे पाणी येणाऱ्या सोसायटीतसुद्धा उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की टाकीतले पाणी एका रात्रीत बदलते आणि मासे पाळणाऱ्याला कोणी त्याची नोटीस देत नाही.

यावरचा उपाय म्हणजे आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले विद्युतभारित क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, टप्पा असलेले वेगळे यंत्र, ज्यातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य असतो. इथे एक खाच आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. सिलिका पाण्यात फारशी विद्युतभारित नसते; रेझिन थकायला लागले की ती सर्वांत आधी निसटते आणि टीडीएस मीटरला तिची फारशी चाहूल लागत नाही. मीटरवर अजून शून्य आहे, पण काचेवर तपकिरी रंग परतला आहे, अशी स्थिती आली तर रेझिन बदलून पाहावे. यंत्रातून वाया जाणारे पाणी शुद्ध पाण्याच्या कित्येक पट असते; ते बादलीत धरून फरशी पुसायला आणि संडासात वापरावे, आपल्या शहरात उन्हाळ्यात ते गटारात सोडणे शोभत नाही.

समुद्राचेच पाणी आणले तर, असा प्रश्न अलिबागला जाऊन येणारे विचारतात. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ, सांडपाणी आणि ज्यांची आपल्याला ओळखही नाही असे जीव येतात, शिवाय पावसाळ्यात त्याची क्षारता घसरलेली असते. तयार मीठ शून्य टीडीएसच्या पाण्यात ३५ पीपीटीपर्यंत (हजार भागांत ३५ भाग) विरघळवून घेणे महाग वाटले तरी अखेरीस स्वस्त पडते.

आता खर्चाच्या बाजूकडे येऊ. पाणी बदलणे हा सर्वांना माहीत असलेला मार्ग, पण त्याच्याकडून अवास्तव अपेक्षा असतात. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले तर साठलेल्या नायट्रेटपैकी फक्त दहावा हिस्सा जातो. समजा आठवड्यात ११ पीपीएम नायट्रेटची भर पडते, आणि वर पाहिलेल्या रोजच्या एका ग्रॅम खाद्याने कमाल तेवढी पडू शकते, तर आकडा चढत चढत ११० च्या आसपास जाऊन थांबेल, कारण तिथे पोचल्यावरच दहावा हिस्सा ११ इतका भरतो. गणित सोपे आहे, पण ते कागदावर मांडेपर्यंत मीही ‘दर रविवारी पाणी बदलतो, मग शेवाळ का’ असे म्हणत होतो. पाणीबदल मीठ, कॅल्शियम आणि सूक्ष्म घटकांची घडी बसवतो. पोषक द्रव्ये बाहेर नेण्यासाठी त्याला जोडीदार लागतात.

त्यात पहिला मान स्किमरचा. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला सेंद्रिय पदार्थ चिकटतात आणि फेसाबरोबर कपात चढतात, म्हणजे कुजून अमोनिया होण्याआधीच ते टाकीबाहेर पडतात. कपाच्या गळ्यावर तपकिरी चिकट थर साठला की फेस नीट चढत नाही, म्हणून तो दर दोन-तीन दिवसांनी पुसावा. सम्पमधली, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीतली, कापडी पिशवी (फिल्टर सॉक) तीन-चार दिवसांत धुतली नाही तर तिच्यात अडकलेला कचरा तिथेच कुजतो आणि गाळणी स्वतःच खताची पिशवी बनते. फॉस्फेट शोषणारे लोहाचे लालसर दाणे उपयोगी आहेत, पण सांगितलेल्या मात्रेच्या पावपटीने सुरुवात करावी. फॉस्फेट एकदम तळाला नेले तर काय होते ते पुढे येईल.

मला स्वतःला सर्वांत पटलेला मार्ग म्हणजे शेवाळाला शेवाळानेच उत्तर देणे. सम्पच्या एका कप्प्यात किटोमॉर्फा नावाचे, हिरव्या तारेच्या घासणीसारखे दिसणारे शेवाळ ठेवायचे आणि त्यावर रात्री दिवा लावायचा. ते आपल्याला हव्या त्या जागी वाढते, पाण्यातली तीच पोषक द्रव्ये ओढते, आणि दर पंधरा दिवसांनी मूठभर उपटून टाकले की तेवढा नायट्रोजन आणि फॉस्फरस घराबाहेर जातो. रात्रीचा दिवा लावण्यामागे आणखी एक कारण आहे: मुख्य टाकी अंधारात असताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो, तो उतार या कप्प्यामुळे थोडा सावरतो. याच तत्त्वावर चालणारी शेवाळाची जाळी वॉल्टर अॅडी यांनी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत विकसित केली. उपटलेले शेवाळ कुंडीत घालायचे असेल तर गोड्या पाण्यात दोनदा खळबळून घ्यावे, नाहीतर तुळशीला मीठ लागेल.

हाताने काढणे यालाही कमी लेखू नये, फक्त पद्धत हवी. बहुतेक जण दगड टाकीतच ब्रशने घासतात. त्याने तंतू सुटून पाण्यात फिरतात, त्यांतले काही दुसऱ्या दगडावर रुजतात आणि बाकीचे कोपऱ्यात कुजतात, म्हणजे वहीत काहीच वजा होत नाही. त्यापेक्षा सायफनच्या बारीक नळीला टोकाशी जुना टूथब्रश रबरबँडने बांधावा, नळीचे दुसरे टोक बादलीत सोडावे आणि घासता घासताच ओढून घ्यावे. ब्रशखालून निघालेला हिरवा धूर जागच्या जागी नळीत शिरताना दिसतो. बादली भरली की थांबायचे, तेवढाच त्या आठवड्याचा पाणीबदल. सुटा दगड असेल तर तो सरळ बाहेर काढून, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत घासून परत ठेवावा.

कोणते शेवाळ आहे हे ओळखल्याशिवाय मात्र उपाय ठरवता येत नाही, कारण शेवाळ म्हणून ज्याला आपण शिव्या देतो त्यातले निम्मे शेवाळ नसते. नव्या टाकीतली तपकिरी पावडर बहुधा डायटमची असते आणि भरीचे पाणी शुद्ध असेल तर काही आठवड्यांत आपोआप ओसरते. लालसर जांभळी, बोटाने उचलली तर कापडासारखी सबंध उलगडून येणारी साय ही सायनोबॅक्टेरियाची, म्हणजे जिवाणूंची असते. यांच्याच पूर्वजांनी सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला, तेव्हा आपली तक्रार थोडी कृतघ्नपणाचीच आहे. ही साय पाणी फारसे न हलणाऱ्या जागी धरते, त्यामुळे वेव्हमेकरचे, म्हणजे पाण्याला प्रवाह देणाऱ्या पंपाचे, तोंड त्या बाजूला वळवणे आणि साय ओढून काढणे यानेच बरेच काम होते.

खरा घोळ होतो तो डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांच्या बाबतीत. तेही तपकिरी, पण शेंबडासारखे तारदार, आणि दिव्याखाली त्यांत बुडबुडे अडकलेले दिसतात. रात्री दिसेनासे होतात आणि दुपारी पुन्हा हजर असतात. त्यांतल्या काही जाती विषारी असल्याने गोगलगायी मरायला लागतात. ओळखण्याची घरगुती युक्ती अशी: थोडी साय टाकीच्या पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्यावी, जोरात हलवावी, कागदी गाळणीतून गाळावी आणि खाली आलेले पाणी तासभर उजेडात ठेवावे. त्यात पुन्हा तारा जमल्या तर ते डायनो. सायनोचे लांब तंतू गाळणीतच राहतात. या दोघांत गल्लत महागात पडते, कारण डायनो अनेकदा तेव्हाच माजतात जेव्हा नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्याला टेकलेले असतात आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे इतर सूक्ष्मजीव उपाशी मेलेले असतात. फॉस्फेटचे दाणे एकदम भरभरून घातल्याचा हाच परिणाम. मग उपाय उलटा करावा लागतो: दाणे काढायचे, पाणीबदल थांबवायचा, खाद्य थोडे वाढवायचे, आणि रात्री पाण्यात पसरणारी जात असेल तर अतिनील दिव्यातून पाणी फिरवायचे.

त्याच अनुषंगाने चाचणीच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. दगडांवर बोटभर हिरवे केस आहेत आणि चाचणी फॉस्फेट शून्य दाखवते, यात विसंगती नाही. पाण्यात आलेले फॉस्फेट मोजले जाण्याआधीच केसांनी गिळलेले असते. त्यामुळे शून्याला प्रगतिपुस्तकातले पैकीच्या पैकी गुण समजू नये. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट वर सांगितलेल्या मर्यादेत स्थिर राहिले तर मी समाधानी असतो.

पोषक द्रव्ये कमी करण्याइतकेच महत्त्व चरणाऱ्या प्राण्यांना आहे, याचा पुरावा समुद्रानेच दिला आहे. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा जातीच्या काळ्या, लांब काट्यांच्या समुद्री साळूंवर साथ आली आणि बहुतेक ठिकाणी नव्वद टक्क्यांहून अधिक साळू मेले. जमैकाच्या आसपास शेवाळ खाणारे मासे आधीच अतिमासेमारीने कमी झाले होते. साळूही गेल्यावर थोड्याच वर्षांत प्रवाळांवर शेवाळाचा थर चढला. टाकीत हे काम ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी करतात. नॅसेरियस गोगलगाय वाळूतले उरलेसुरले अन्न खाते, शेवाळाला तोंड लावत नाही, तरी ती शेवाळासाठी म्हणून सर्रास विकली जाते. शेवाळ खाणारे टँग मासे सुंदर दिसतात, पण त्यांना पोहायला चार फुटांची टाकीही अपुरी पडते. शेवाळावर इलाज म्हणून टँग आणणे म्हणजे उंदरांसाठी वाघ पाळणे. आणि बोटभर लांब केसांना गोगलगायी शिवत नाहीत, आधी हाताने तासून दिले तरच त्या कोवळी वाढ खातात. कोकणच्या सहलीतून जिवंत दगड (ज्यांवर समुद्री जीव वस्तीला आहेत असे दगड) किंवा प्रवाळ उचलून आणण्याचा मोह मात्र टाळावा: प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे, आणि मालवणचा काही भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

उजेडाबद्दल थोडक्यात सांगतो. आठ-नऊ तास टायमरवर पुरेसे आहेत, आणि पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचे ऊन टाकीवर येत असेल तर टाकी हलवणे किंवा पडदा लावणे हे कोणत्याही बाटलीतल्या औषधापेक्षा स्वस्त आहे. तीन दिवस टाकी जाड चादरीने झाकून अंधार केला तर साय मरते, पण मेलेली साय टाकीतच कुजली तर प्राणवायू घटतो आणि पोषक द्रव्ये परत पाण्यात येतात, म्हणून स्किमर चालू ठेवावा आणि चौथ्या दिवशी तळ ओढून काढावा. मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेलेले असताना आणि वीज जायची शक्यता असताना हा प्रयोग करू नये. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो.

औषधांपैकी एकाबद्दल स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. गोड्या पाण्याच्या टाक्यांसाठी मिळणाऱ्या शेवाळनाशक द्रवांपैकी काहींमध्ये तांबे असते, आणि तांबे गोगलगायी, कोळंबी, खेकडे यांना मारते. ते दगडांत मुरले की सहजी निघत नाही. सायनोवर काही जण प्रतिजैविक घालतात. ते टाकीतल्या उपयुक्त जिवाणूंनाही झोडपू शकते. ब्रायोप्सिस नावाच्या पिसासारख्या शेवाळावर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचे औषध लागू पडते असा छंदात सर्वत्र अनुभव आहे, पण केसांचे शेवाळ आणि ब्रायोप्सिस यांत भिंगाखाली फरक केल्याशिवाय ते घालण्यात अर्थ नाही.

काही आठवडे हा हिशेब जुळत आला की मागच्या काचेवर आणि पंपांवर गुलाबी-जांभळे कडक ठिपके दिसू लागतात. हे कोरलाइन शेवाळ. ते पाण्यातले कॅल्शियम घेऊन दगडासारखा थर बांधते आणि त्याने व्यापलेल्या जागेवर हिरव्या केसांना सहजासहजी पाय रोवता येत नाहीत. मागची काच तशीच रंगू द्यावी. पुढची काच मात्र आठवड्यातून एकदा पात्याने खरवडून घ्यावी, आणि टाकी अॅक्रिलिकची असेल तर लोखंडी पात्याऐवजी प्लास्टिकचे वापरावे, कारण त्यावरचा ओरखडा जात नाही.